मुकादम ऐकत नाही तेव्हा सुपरवायझरने कुठे बघायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा. डिप्लोमा करून चार महिने झाले, पिंपरी-चिंचवडला सात मजली इमारतीच्या साइटवर सुपरवायझर म्हणून लागलास. फिटरचा, म्हणजे सळई बांधणाऱ्यांचा, मुकादम पन्नाशीचा आहे, तोंडाने 'साहेब' म्हणतो आणि स्वतःच्या मनाचं करतो. मागच्या स्लॅबला निम्म्या बीमखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे छोटे ठोकळे, नव्हते. तू सगळ्यांसमोर ओरडलास, कंत्राटदाराला फोन केलास, तरी स्लॅब भरला गेलाच. आता टोळीतलं कोणी तुझ्याशी धड बोलत नाही. हे काम आपल्याला जमणारं आहे का, की ऑफिसातली नोकरी बघावी, असं तू विचारतोयस. मी अठ्ठावीस वर्षं साइटवर काढली, आधी नाशिकला, मग पुण्यात. माझा धाकटा मुलगा तुझ्या वयाचा आहे, म्हणून तुला अरेतुरे करतो.

आधी एक सांग. त्या दिवशी साइटवर कव्हर ब्लॉक होते का? गोदामात, मोजून, २५ एमएमचे बीमसाठी, २० चे स्लॅबसाठी, ४० चे कॉलमसाठी? अशा दहा प्रसंगांत सात-आठ वेळा ते नसतात, हा माझा अनुभव. साइटवरच सिमेंट-वाळूचे पाडलेले असतील तर त्यांना निदान आठवडाभर पाण्यात ठेवावं लागतं. परवा पाडलेले आज लावले की सळईच्या वजनाने त्यांचा भुगा होतो. फिटरला हे ठाऊक असतं. हाताशी ब्लॉक नसले की तो खडीचा तुकडा सरकवतो नाहीतर तसंच सोडतो. साहेब ओरडला की मान खाली घालतो, आणि मनात म्हणतो, दिले असते तर लावले नसते का. तुझ्याकडे ब्लॉक होते आणि तरीही त्याने लावले नाहीत, असंही असेल. पण ज्या गोष्टीची तयारी आदल्या आठवड्यात व्हायला हवी होती, तिच्यासाठी कॉंक्रीटचा पंप सुरू असताना ओरडून काही हाती लागत नाही. तेव्हा टोळीतल्या प्रत्येकाला एकच दिसत असतं, की उभ्या गाडीतला माल वाया चाललाय.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. मुकादमाला पैसे कशाचे मिळतात, हे बघ. फिटरला टनावर, सेंट्रिंगवाल्याला, म्हणजे साचा आणि टेके उभारणाऱ्याला, स्क्वेअर फुटावर, गिलावा करणाऱ्यालाही स्क्वेअर फुटावर. कव्हर ब्लॉकला टन नाही. सेंट्रिंगच्या प्लेटा खरवडून तेल लावणं, सपोर्टांना आडवे-तिरपे पाइप बांधणं, प्रत्येक प्रॉपखाली, म्हणजे उभ्या टेक्याखाली, फळी देणं, याचा एक स्क्वेअर फूटही वाढत नाही. गिलाव्याआधी, तो धरावा म्हणून, कॉंक्रीटला टाचे मारणं आणि नंतर सात दिवस पाणी मारणं, यालाही वेगळा दर क्वचितच असतो. मग करायचं राहून जातं काय? नेमकं हेच. इतक्या साइटवर इतक्या वर्षांत मी बघितलं ते हे, की दोष सापडतो तो ज्या कामाचे पैसे मोजले जात नाहीत तिथेच. मुकादम वाईट माणूस असतो म्हणून नव्हे. त्याच्यामागे पंधरा माणसं असतात, शनिवारी त्यांना खर्ची द्यायची असते, गावी उचल दिलेली असते. जो दिवस मोजला जात नाही तो त्याच्या खिशातून जातो.

म्हणून सुपरवायझरची नजर तिथे लागली पाहिजे. टनाचं काम तुझ्याशिवाय होतं. ते करायला फिटर तुझ्यापेक्षा हुशार आहे. बिनपैशाच्या कामाला मात्र तुझ्याशिवाय वाली नाही.

हे मी फार महागात शिकलो. २००३ साली नाशिकला एका इमारतीच्या स्लॅबबरोबर चार फूट बाहेर आलेल्या तीन गॅलऱ्या भरत होतो. तेव्हा आमच्याकडे पंप नव्हता. खाली मिक्सर, वर घमेल्यांची रांग. गॅलरी एका बाजूनेच धरलेली असते, तिचा ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून मुख्य सळई वर लागते आणि ती वर राहावी म्हणून खाली सळईच्या खुर्च्या द्याव्या लागतात. संध्याकाळी मी बघितलं तेव्हा जाळी वर होती, खुर्च्या मात्र कमी होत्या. मला ते खटकलंही होतं. दुसऱ्या दिवशी मी दिवसभर खाली मिक्सरजवळ सिमेंटच्या बॅगा मोजत उभा होतो, कारण माझ्याकडे हिशेब मागितला जायचा तो बॅगांचा. खुर्च्यांचा हिशेब मला कोणी विचारला नसता. वर वीस माणसं त्या जाळीवरून दिवसभर ये-जा करत राहिली आणि जाळी दबत दबत तळाला गेली.

पुढे सपोर्ट काढायला सेंट्रिंगचा जुना मुकादम स्वतः आला. गॅलरीचे टेके बाहेरच्या टोकाकडून भिंतीकडे, एकेक करून काढायचे असतात, आणि तो तसेच काढत होता. दुसरा टेका सैल करताच त्याला वजन जाणवलं. त्याने तो पुन्हा ठोकून बसवला आणि मला हाक मारली. वर जाऊन बघितलं तर भिंतीलगत, वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेलेली. तिन्ही गॅलऱ्या फोडल्या. सळई तळाशी सापडली, जवळजवळ प्लेटला टेकलेली. कोणाला इजा झाली नाही ती त्या मुकादमाच्या हाताच्या सवयीमुळे. त्याने घाईने सगळे टेके एकदम पाडले असते तर खाली तीन बिगारी उभे होते. त्यातली एक बाई पाठीला पोर बांधून काम करायची. ते पोर आज पंचविशीला आलं असेल. आजही गॅलरीचा स्लॅब असला की मी खाली थांबत नाही, वर जातो.

तेव्हापासून मी कामाची वेळच बदलली. माझा स्लॅबचा दिवस आदल्या दिवशी दुपारी सुरू होतो. दुपारी तीनच्या सुमारास सेंट्रिंग आणि सळई बघायला घेतो, म्हणजे चूक निघाली तर दुरुस्तीला उजेड शिल्लक असतो आणि माणसं घरी गेलेली नसतात. ड्रॉइंग हातात घेऊन, मुकादमाला बरोबर घेऊन, एका कोपऱ्यापासून क्रमाने जातो. सळईचा व्यास आणि अंतर, जोड किती लांब आणि सगळे एकाच जागी तर आले नाहीत ना, बीमच्या टोकांना सळयांभोवतीच्या रिंगा दाट आहेत ना. रिंगांचे हुक हमखास बघ. भूकंपाच्या नियमाने ते १३५ अंशांत आत वळलेले हवेत. फिटर ते ९० अंशांतच सोडतो, कारण तेवढं वळवायला प्रत्येक रिंगेला आणखी एक हिसका द्यावा लागतो आणि रिंगा असतात हजारो. नंतर खाली उतरून सपोर्ट बघतो. प्रॉप ओळंब्यात आहे का, खाली भरावाची माती तर नाही, फळी आहे का, बांधणी दोन्ही दिशांना आहे का. स्लॅब कोसळल्याची बातमी आली की लोक सिमेंटला शिव्या देतात. ओला माल असताना कोसळलेल्या स्लॅबचं कारण बहुतेकदा खाली असतं, वर नसतं.

हे सगळं मुकादमाबरोबर चालत, हळू आवाजात करायचं. चूक दिसली की त्याला विचारायचं, "मिस्त्री, यहाँ कितने का डालना था?" तो स्वतः बघतो, स्वतः सांगतो, आणि तिथेच माणूस लावतो. सगळ्यांसमोर साहेबाने चूक काढली तर त्याच्या टोळीत त्याची किंमत जाते, आणि किंमत गेलेला मुकादम टोळी सांभाळू शकत नाही. त्यात नुकसान तुझंच आहे. तो तुझ्या बापाच्या वयाचा आहे. बंगालहून, बिहारहून येऊन त्याने पंचवीस वर्षं सळई वाकवली. ड्रॉइंग तुला जास्त कळतं, सळई त्याला जास्त कळते. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही त्याला ऐकू आलं पाहिजे.

आता बिनपैशाच्या कामाचं करायचं काय? एक मार्ग सरळ आहे: जमेल तिथे त्याला पैसे लाव. खुर्च्यांची सळई बिलाच्या वजनात धरायची की नाही, हे वर्क ऑर्डरमध्ये बघ. धरायची असेल तर तू स्वतः मोजून लिही. व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १२ एमएमची सळई मीटरला ०.८९ किलो भरते, १६ ची १.५८. दोनशे खुर्च्या असल्या की बऱ्यापैकी वजन होतं. मुकादमाने न मागता तू ते बिलात धरलंस, की पुढच्या स्लॅबला खुर्च्या कमी पडत नाहीत. हा माझा अगदी हमखास अनुभव आहे. वर्क ऑर्डरमध्ये नसेल तर कंत्राटदाराशी बोल. गॅलरी फोडण्यापेक्षा ते स्वस्त आहे, हे त्यालाही कळतं.

दुसरं म्हणजे मोजमाप चोख ठेव. मजुरांचा विश्वास कशावर बसतो, याचं उत्तर तू विचारशील तेव्हा मी एकच देईन: हजेरीच्या वहीवर. संध्याकाळी हजेरी लागली का, ओव्हरटाइमचा अर्धा दिवस धरला का, पावसाने दुपारी काम थांबलं तेव्हा दिवस पूर्ण धरला की कापला. आणि मोजमापाच्या दिवशी टेपचं एक टोक तुझ्याकडे, एक मुकादमाकडे, आकडा दोघांनी मोठ्याने म्हणायचा, पानावर दोघांची सही. ज्या सुपरवायझरने एकदा टेप ओढून दोन फूट खाल्ले, त्याचं कुठलंच बोलणं टोळी पुढे मनावर घेत नाही. ज्याने मुकादमाच्या हिशेबातून सुटलेला एक बीम स्वतः शोधून बिलात घातला, त्याला कव्हर ब्लॉकसाठी दोनदा सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट, तयार माल, म्हणजे प्लांटमधून गाडीने येणारं कॉंक्रीट. स्लॅबच्या दिवशी सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून होतं. पंपवाला म्हणतो पाइप चोक होईल, टोळी म्हणते माल ओढवत नाही, आणि ड्रायव्हर पाण्याचा कॉक सोडतो. घातलेल्या पाण्याने कॉंक्रीट किती कमजोर होतं, हे तू पुस्तकात शिकला आहेस. टोळीला आपले हात दुखतात एवढंच जाणवतं, आणि ते खरंच दुखत असतात. त्यामुळे गाडीवर उभं राहून नाही म्हणण्याआधी, आदल्या दिवशी प्लांटला सांग की कुठल्या जागेला किती स्लम्प, म्हणजे किती पातळ माल, हवा. पाणी न वाढवता माल पातळ करणारं रसायन तेच घालून देतात. गेटवर पहिल्या गाडीचा स्लम्प स्वतः काढ. प्लांटच्या चलनावरची भरल्याची वेळ बघ. भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी, आणि चाकणच्या रस्त्याला ट्रॅफिक अडकलं तर ते दोन तास कधी संपले कळत नाही. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे चौकोनी नमुने, काढताना गाडीतला माल पुन्हा हाताने चाळून-निवडून घेऊ नकोस. सात दिवसांनी कमी आकडा आला तर घाबरू नको, पण लपवूही नको. लपवलेला क्यूब रिपोर्ट मी दोनदा बघितला आहे, दोन्ही वेळा तो नंतर बाहेर आलाच.

घरगुती बांधकामावर अजूनही घमेल्याने माल टाकतात. तिथे फर्मा, म्हणजे मापाची पेटी, वापरायला लाव. आतून ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फर्मा ३५ लिटरचा होतो, म्हणजे सिमेंटच्या एका बॅगेएवढा. वाळू ओलसर असली की फुगते, तेव्हा भरलेल्या फर्म्यातही प्रत्यक्ष वाळू कमी असते, एवढं लक्षात ठेव.

पाणी मारण्याचं सांगतो, कारण इथे सगळे निष्काळजी असतात, मीही होतो. पुण्याच्या एप्रिलमध्ये दुपारी बाराला मारलेलं पाणी एक वाजता उडालेलं असतं. स्लॅबवर आळी करून पाणी उभं कर, कॉलमला गोणपाट गुंडाळ. आपल्याकडे बहुतेक साइटवर पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट येतं, त्याला निदान १० दिवस ओलावा हवा, १४ दिले तर उत्तम. अडचण येते रविवारी. सगळे सुट्टीवर, पाणी मारणारा बाजाराला गेलेला. या कामाला नाव घेऊन एक माणूस ठरव, त्याची रविवारची हजेरी वेगळी लाव आणि सोमवारी सकाळी आल्या आल्या आधी स्लॅब बघ. कोरडा पांढरा दिसला तर तू लावलेली रविवारची हजेरी खोटी आहे.

सपोर्ट काढण्याचंही तसंच. माझी एक सवय घे. स्लॅब भरला की खालच्या मजल्यावर कॉलमला लाल रंगाने भरल्याची तारीख आणि सपोर्ट काढायची तारीख लिहितो. स्लॅबचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरपर्यंत असेल तर प्रॉप निदान ७ दिवस, त्यापेक्षा मोठा असेल तर १४. बीमचा गाळा सहा मीटरपर्यंत असेल तर १४ आणि त्यापुढे २१. हे साध्या सिमेंटचे दिवस झाले. पीपीसी असेल तर इमारतीचं डिझाइन करणाऱ्या कन्सल्टंटला विचारून वाढव. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या मजल्याला हव्या असतात, त्यामुळे तो घाई करणारच. कॉलमवर लिहिलेली तारीख असली की त्याला माझ्याशी वाद घालावा लागत नाही आणि मला त्याच्याशी.

आता एक गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. तुझ्या साइटवरचे मजूर राहतात कुठे? २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. बहुतेक बिहारहून आलेली. त्या दिवसानंतर मी कुठल्याही साइटवर पहिल्यांदा जातो तेव्हा ऑफिसच्या आधी खोल्या बघतो. वर भिंत आहे का, शेजारी खोदाई आहे का, पावसाचं पाणी कुठे साठतं. दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर बाजूंना आधार दिल्याशिवाय माणूस खाली उतरू देऊ नकोस, आणि काढलेली माती काठावर रचू नकोस. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी उभी राहते आणि पहिल्या पावसात बसते. लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी फळ्यांनी झाकून ठेव. बिगारी बायका पोरं बरोबर आणतात, झोळी बांधतात, आणि चालायला शिकलेलं पोर पाण्याकडेच जातं. यालाही कोणी दर देत नाही.

आणि त्यांची नोंदणी करून दे. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या कामगाराला बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. बांधकाम खर्चावरचा एक टक्का उपकर त्याच्यासाठीच जमा होतो. मुलांच्या शिक्षणाला, बाळंतपणाला, अपघातात मृत्यू झाला तर घरच्यांना मदत मिळते. अडतं ते बहुतेकदा ९० दिवसांच्या दाखल्यावर. तो दाखला कंत्राटदाराच्या सहीने तू एका दुपारी मिळवून देऊ शकतोस. तुझ्याशी न बोलणाऱ्या टोळीतल्या दोघांचे कागद करून दे.

ऑफिसातल्या नोकरीचं आत्ता ठरवू नकोस. आधी मुकादमाकडे जा, एकटा. चहाच्या वेळी जा, टोळी जरा लांब असताना. सगळ्यांसमोर ओरडलो ते चुकलं, असं सरळ सांग. कव्हर ब्लॉकची मागणी मात्र मागे घेऊ नकोस, दोन्ही एकाच दमात सांग. पुढच्या स्लॅबला ब्लॉक आणि खुर्च्या किती लागतील, ते त्याच्याकडूनच विचारून घे आणि आज मागवायला टाक. कंत्राटदाराकडे पुन्हा जायची वेळ आली तर जाण्याआधी मुकादमाला कळव.

मग त्या भरून गेलेल्या स्लॅबचं. तो विषय संपलेला नाही. बीमच्या तळाच्या प्लेटा निघतील त्या दिवशी तू तिथे हजर राहा आणि फिटरच्या मुकादमालाही बोलावून घे. बॅटरी घेऊन दोघांनी प्रत्येक बीमचा तळ बघा. कुठे सळई किंवा रिंग दिसत असेल, काळसर पट्टा उमटला असेल, कुठे खडी उघडी पडली असेल, तिथे खडूने गोल कर, बीमचा नंबर घालून फोटो काढ आणि त्याच दिवशी आरसीसी कन्सल्टंटला लेखी कळव. दुरुस्ती काय करायची ते तो सांगेल. तोपर्यंत खालचे सपोर्ट हलवायचे नाहीत. आणि गिलाव्याची टोळी आली तरी त्या बीमला हात लावू द्यायचा नाही, कोणीही सांगितलं तरी.